चिंचोक्यांची रेघ

नातीच्या वहीतला आलेख पाहिला अन् निजामाच्या राज्यातली आमची मुलींची शाळा आठवली.

आमच्या गणिताच्या बाई, उस्तानीबींनी फळ्यावर छावणीला निघालेल्या तांग्याचा आलेख काढला होता: वेळ आडवा, अंतर उभं. मधली रेघ आडवी.

“तिथं रस्ता सपाट हाय!” मी ठासून सांगितलं.

“उठ, चल के दिखा,” उस्तानीबी म्हणाल्या.

मी व्हरांड्यात चालू लागले. त्या टाळ्या वाजवत होत्या. दर टाळीला माझी मैत्रीण सलमा तिथल्या शहाबादी फरशीवर चिंचोका ठेवी: टाळीमागं एक चौकोन उजवीकडं, पावलामागं एक वर.

मी थांबले. टाळ्या थांबेनात! चिंचोके नुसते आडवे सरकू लागले.

“तांगा उभा हाय!” मी किंचाळले. “घोडा पाणी पितोय!”

अख्खा वर्ग नाचला.

हल्ली गुडघ्यांमुळं मी खुर्चीतच असते. नात चिडवते, “आजी, तुझी रेघ कशी गं?”

“आडवी. पण चाललीय की पुढं!”