बिनखिळ्याचे बाक

आमच्या भाऊजींना सगळी गल्ली लाकूडसाहेब म्हणते. साहेब अशासाठी, की तीस वर्षं ते एका कचेरीत आलेल्या पत्रांवर तारखेचा शिक्का मारत होते. आणि लाकूड अशासाठी, की निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं. कुठे जुनं घर पाडतायत असं कानावर आलं, की हा माणूस हातगाडी घेऊन हजर. मोडक्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, खोक्यांच्या फळ्या, मजुरांनी जाळायला बाजूला काढलेलं जे काही असेल ते घरी यायचं. त्यातून भाऊजी बागेत ठेवायची टेबलं, खुर्च्या, बाक बनवायचे. बनवायचे म्हणजे, आपण बनवतो असं त्यांना वाटायचं.

मी त्यांचा मेहुणा, ताईचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतोय. त्यामुळे ते सगळं बघणं मला किती जड जायचं, ते दुसऱ्या सुतारालाच कळेल. भाऊजींनी आठ खिशांचा एप्रन शिवून घेतला होता आणि त्यातल्या सात खिशांत काहीही नसायचं. कानावर पेन्सिल असायची, पण तिने कधी रेघ मारलेली मी पाहिली नाही. फळी हातात घेतली की ते तिच्यावर टकटक करायचे, कान लावायचे आणि गंभीरपणे सांगायचे की हिला अजून जगायचंय. ती फळी संडासाच्या दाराची होती, हे मला माहीत असायचं.

त्यांनी केलेली पहिली खुर्ची ताईसाठी होती. ती डुगडुगायची. मी म्हटलं, एक पाय आखूड आहे. भाऊजी म्हणाले, पाय बरोबर आहेत, अंगणातली फरशीच उतरती आहे. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ती इतकी शब्दशः खरी करून दाखवणारा माणूस माझ्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं. ताईने खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा घातला आणि त्या खुर्चीवर बसून वाटाणे सोलले. ताई तशीच आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लोक गप्प बसत नाहीत. एकदा नातेवाईक जेवायला जमले होते. सगळ्यांसमोर भाऊजी मला म्हणाले, "तुम्ही कारखान्यातली माणसं लाकूड नुसतं कापता. मी त्याला दुसरा जन्म देतो." माझी चुलत वहिनी कौतुकाने मान डोलवायला लागली. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्यांना एकच काम चांगलं यायचं, आणि ते होतं खिळे उपटण्याचं. जुन्या लाकडातला एक खिळा राहिला तरी करवतीचे दात जातात, म्हणून ते प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवायचे. काढलेला खिळा ठोकून सरळ करायचे आणि मापाप्रमाणे डब्यात टाकायचे. हे इतकी वर्षं करून करून त्यांना खिळ्यांचा भयंकर तिटकारा आला. माझ्या बाकात एकही खिळा नसतो, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मग सांधे कसे धरायचे? निव्वळ गोंदाने. मी एकदा सुचवलं की निदान लाकडी खुंट्या तरी मारा. त्यावर ते म्हणाले की खुंटी मारणं म्हणजे सांध्यावर विश्वास नसणं.

आता ताईचं सांगतो. ती एका वृद्धाश्रमात अकरा वर्षं काम करत होती. शेवटची तीन वर्षं तर सगळा कारभार तीच बघायची, पण व्यवस्थापिका म्हणून नेमणूक काही झाली नव्हती. कुणाला दिवा लावूनच झोप येते, कुणाच्या गोळ्या फोडून द्याव्या लागतात, कोण मुलाचा फोन आला नाही की जेवत नाही, हे तिला तोंडपाठ. आयुष्यात तिने स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट मनात धरली होती, ती व्यवस्थापिकेची खुर्ची. समितीने शेवटी ठरवलं, की आश्रमाची नवी बाग खुली करायची आणि त्याच कार्यक्रमात ताईची नेमणूक जाहीर करायची.

बागेत आठ बाक हवे होते. समिती लोखंडी बाक विकत आणणार होती. मध्ये भाऊजी पडले, मी करून देतो म्हणाले. अध्यक्ष जरा कुरकुरले, तेव्हा ताईने सांगितलं, "बाकांची जबाबदारी माझी." नवऱ्याच्या हौसेवर तिने आपली नेमणूक पणाला लावली. मला हे कळलं तेव्हा तिचा राग आला, पण तिला काही बोलायचं धाडस झालं नाही.

बाक तयार झाल्यावर एका रविवारी भाऊजींनी मला बोलावलं. ताई कामावर होती. आठही बाक अंगणात ओळीने मांडलेले, घासूनपुसून चकचकीत. आणि टेबलाखाली गोंदाचे रिकामे डबे. आम्ही घरातल्या कपाटांना वापरतो तोच पांढरा गोंद. डब्यावर ठळक छापलेलं होतं, फक्त घरातल्या कामासाठी, ओल लागू देऊ नये. भाऊजी चष्म्याशिवाय फिरतात. एका बाकाचा सांधा मी नखाने खरवडून पाहिला, शंका राहिली नाही.

तेवढ्यात ते म्हणाले, "अरे, तू कसबी माणूस. नीट बघ. काही कमी-जास्त असेल तर आत्ताच सांग, अजून चार-पाच दिवस आहेत."

त्यांनी मला असं आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं होतं. आणि मला काय आठवलं? दुसरा जन्म आणि वहिनीची मान. मनात म्हटलं, दहा-पंधरा दिवसांत हे बाक खिळखिळे होतील, चारचौघांत साहेबांची घमेंड उतरेल, बघू तरी. मी म्हटलं, "झकास झालेत." ते लहान पोरासारखे खूश झाले. नुसते खिळखिळे होतील, कोसळणार नाहीत, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं का, हे मी अजून छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बाक बागेत गेले. तिथल्या हिरवळीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे सुरू असायचे. चार दिवस ते बाक नुसते भिजत होते.

पाचव्या दिवशी कार्यक्रम होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि मागे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. बाकावर जागा होती, ताईने बोलावलंही. मी नको म्हटलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्या बाकाची पाठ मागे गेली. फार आवाज झाला नाही. पाठोपाठ एक पाय सुटला आणि त्यावर बसलेल्या तिघी आज्या खाली आल्या. दोघींना नुसतं खरचटलं. तिसरी, पूर्वी शाळेत गणित शिकवणारी, उठलीच नाही. तिचं कमरेचं हाड मोडलं होतं. ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन गवतात बसली होती.

समिती लगेच जेवणघरात बसली. मी दाराशी उभा होतो. अध्यक्षांनी भाऊजींना विचारलं, हे बाक कुणा जाणकाराला दाखवले होते का. एप्रन अजून त्यांच्या अंगावर होता, कार्यक्रमासाठी धुऊन घातलेला. ते म्हणाले, "नाही. कुणालाच नाही. सगळी माझीच अक्कल." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी दारातून पुढे आलो नाही. मग ताई म्हणाली की जबाबदारी मी घेतली होती, तेव्हा दोष माझा. पुढच्याच आठवड्यात आश्रमात व्यवस्थापिका म्हणून दुसरी बाई आली. ताईने तिला किल्ल्या दिल्या, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची ते समजावलं आणि घरी आली.

मी भेटायला गेलो तेव्हा ती कपड्यांच्या घड्या करत होती. भाऊजी भिंतीला टेकून बसलेले. ताई मला म्हणाली, "हे असे हट्टी. तुला एकदा बोलावून दाखवलं असतं तर एवढं झालं असतं का?"

मी म्हटलं, "हो ना."

स्वतःचीच इतकी किळस मला कधी आली नव्हती, पण तरी मी तेच म्हटलं. भाऊजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी हळूच विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत.

ते म्हणाले, "नवरा मूर्ख आहे हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. भाऊ कसा आहे, ते कशाला कळायला हवं?"

आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.