बिनफोडणीचा व्हिसा

मला अमेरिकेचा व्हिसा मिळाला तो आमच्या घरात फोडणी बंद होती म्हणून. हे मी आजवर कुठल्याही सत्कारात सांगितलेलं नाही, कारण सत्काराला आलेल्या लोकांना काहीतरी थोर ऐकायचं असतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव शिराळ्याजवळ. सांगलीच्या कॉलेजातून मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवीधर झालो होतो (गावात याचं भाषांतर 'बारीक किड्यांचा मास्तर' असं झालं होतं), आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मला पुढच्या शिक्षणासाठी बोलावलं होतं. राहण्याजेवण्याची सोय ते करणार होते. राहिला फक्त व्हिसा. 'फक्त' हा शब्द त्या काळी मी फार सढळपणे वापरत असे.

व्हिसाला काय काय लागतं याची चौकशी केली आणि माझी भूक मेली. विद्यापीठाचं पत्र लागे, खर्चाची हमी लागे, देवीची लस टोचल्याचा पिवळा दाखला लागे. हे सगळं एक वेळ जमलं असतं. पण शिक्षण संपल्यावर हा मुलगा आपल्या देशात परत जाईल, अशी वकिलातीतल्या साहेबाची खात्री पटावी लागे. ती कशी पटवायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझे थोरले चुलते, आबा, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. वडील शांत, म्हणून घरातल्या सगळ्या मोहिमा आबांच्या. त्यांनी माझी मुलाखत म्हणजे सैन्यभरती धरली आणि अंगणात रोज कवायत सुरू केली.

"परत येनार का, असं साहेबानं इचारलं तर?"

"येणार म्हणेन."

"कसं?"

"येणार."

"हे काय, कोंबडं मेल्यागत! छाती काढून म्हन. साहेबाला शंका आली की गेलास."

या तयारीने माझा आत्मविश्वास इतका वाढला की आबा नुसते खाकरले तरी मी 'येस सर' म्हणून उभा राहायला लागलो.

मग आली लस. लहानपणी गावात देवी टोचणारा आला की आई मला ज्वारीच्या कणगीत लपवायची. त्यामुळे विषाणूंवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिणाऱ्या या विद्वानाचे दोन्ही दंड कोरे होते! शिराळ्याच्या दवाखान्यात जाऊन मी दंड पुढे केला, दाखल्यावर शिक्का घेतला आणि घरी आलो. काही दिवसांनी दंड सुजला, ताप चढला आणि टोचल्या जागी टपोरा फोड आला.

पुस्तकात अगदी असंच व्हावं असं लिहिलं होतं. मी आईला कोळशाने जमिनीवर आकृती काढून समजावलं. आईने आकृती पाहिली, माझा दंड पाहिला आणि हात जोडले. माझ्या दंडाला.

"देवी आली घरात," ती म्हणाली.

"अगं, ही लस आहे. मी मुद्दाम टोचून घेतलीय."

"मुद्दाम बोलावलीस? मग तर मान राखायलाच पायजे."

मी कोळसा खाली ठेवला.

तासाभरात मी कडुलिंबाच्या पाल्यावर आडवा होतो. दाराला लिंबाचे डहाळे लागले. देवी घरात असताना काही तळायचं नाही, फोडणी द्यायची नाही, मोहरी तडतडली की देवीला चटके बसतात. आणि ज्याच्या अंगावर देवी आहे त्याने खपली पडेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. खपली पडली की शितळाईच्या देवळात दहीभात ठेवून देवीची पाठवणी, मग सगळं मोकळं.

खपली पडायला अजून दोन-तीन आठवडे होते. माझी मुलाखत होती येत्या गुरुवारी. विद्यापीठ सुरू व्हायच्या बेतात होतं, पुढची तारीख मागायची सोय नव्हती. मुलाखत हुकली की अमेरिका हुकली.

आबा तणतणत आले. इथे एक सांगायला हवं की आई आबांशी थेट बोलत नसे. थोरल्या दिरापुढे ती दाराआड पदर सावरून उभी राहायची आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायची. तिसरा मी होतो. तापात.

"बाळू, त्यास्नी सांग, खपली पडल्याबिगर पोरगं उंबरा ओलांडायचं न्हाई."

"आबा, आई म्हणते..."

"ऐकलं. तिला सांग, साहेब खपलीसाठी थांबत न्हाई."

"आई, आबा म्हणतात..."

"मला बी कान हायती. त्यास्नी सांग, साहेबापरीस देवी मोठी."

"तिला इचार, एवढं शिकवलं ते काय पाल्यावर लोळवाय?"

मी एकदा दाराकडे, एकदा आबांच्या खुर्चीकडे मान वळवत होतो. खरं सांगायचं तर मी पुरता घाबरलो होतो. साहेबाला घाबरलो होतो, आबांना घाबरलो होतो आणि पाल्यावर पडल्यापडल्या देवीलाही थोडा घाबरायला लागलो होतो. (पदवी सांगलीची असली तरी पिंड शिराळ्याचाच.)

शेवटी आबांना युक्ती सुचली.

"जवान रजेवर जातो, पर त्याचं नाव पलटणीतच ऱ्हातं. व्हय का न्हाई? देवी घरात बसू दे. ह्याला तेवढी रजा द्या. परत आला की दहीभात ठेवंल."

दाराआड बांगड्या वाजल्या.

"त्यास्नी सांग, चालंल," आई म्हणाली. "पर दहीभात ह्यानंच ठेवायचा. आन् तवर देवी घरात हाय, म्हंजे चुलीवर फोडणी न्हाई."

"कबूल!" आबा म्हणाले. सैनिक माणूस, आधी हुकूम, मग विचार.

विचार थोड्या वेळाने आला. चुरचुरीत लसूण दिसला नाही तर आमटीचं ताट सरकवून ठेवणारा माणूस तो. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"बाळू, शिक्षण किती दिसांचं रं?"

"दोन वर्षांचं, आबा."

मी बॅग घेऊनच मुंबई गाठली. व्हिसा मिळाला तर तसंच विमानात बसायचं आणि नाही मिळाला तर तीच बॅग घेऊन एस्टीने परत, असा बेत होता. गावाने निरोपाचा नारळ दिला होता. तो बॅगेत होता आणि परत जायची वेळ आली तर तो कुणाला परत करायचा, हाच विचार माझ्या डोक्यात गरगरत होता. खिशात आईने लिंबाचा पाला कोंबला होता.

वकिलातीत साहेबाने कागद चाळले, पिवळा दाखला पाहिला आणि मान वर केली.

"शिक्षण झाल्यावर परत येणार?"

मी छाती काढली. तोंडातून 'येणार' एवढंच आलं. जमीन, ऊस, आईवडील, अंगणात घोटलेलं सगळं गायब!

"सगळेच येणार म्हणतात," साहेब म्हणाला. "पुष्कळजण येत नाहीत. तुझ्यावर मी का विश्वास ठेवू?"

मला घाम फुटला. रुमाल काढायला खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर लिंबाचा पाला साहेबाच्या टेबलावर पसरला.

"हे काय आहे?"

मग माझा बांध फुटला. मी देवी सांगितली, दाराआडची आई सांगितली, आबा सांगितले. सगळं इंग्रजीतून. गाडी फोडणीपाशी आली आणि अडली, कारण आमच्या कॉलेजात फोडणीचं इंग्रजी कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब, मी परत जाईपर्यंत आमच्या घरात मोहरीचे स्फोट बंद आहेत."

साहेबाचं पेन थांबलं. मी घाईघाईने तेल, मोहरी, हिंग, लसूण असं एकेक करून त्याला चुलीपर्यंत नेलं.

"म्हणजे तू परत येईपर्यंत तुझं सगळं घर बिनफोडणीचं जेवणार?"

"येस सर."

"आणि तुझ्या काकांनी हे मान्य केलं?"

"येस सर. जरा घाईत."

साहेब मुंबईत बरेच दिवस राहिलेला असावा आणि वरणही जेवलेला असावा. तो एवढ्या मोठ्यांदा हसला की शेजारच्या खिडकीतला माणूस डोकावला. जमिनीचे उतारे खूप पाहिले, म्हणाला, असा पुरावा पहिल्यांदाच. आणि त्याने शिक्का मारला.

खपली अमेरिकेत पडली. देवी मात्र शिराळ्याजवळच बसून होती.

आबांची पत्रं येत. पहिल्या पत्रात उपदेश होता: मन लावून शिक, कुळाचं नाव काढ. पुढच्या पत्रात नाव जरा मागे पडलं. 'नागपंचमीला आपल्यात तवा ठेवत न्हाईत. हितं आता रोजच नागपंचमी हाय,' असं त्यांनी लिहिलं. एकदा तर नुसतं एवढंच, 'शिराळ्याच्या स्टँडवर भजी खाल्ली. तुझ्या आईला सांगू नको. अभ्यास कुठवर आलाय?'

शिक्षण संपत आलं तेव्हा प्राध्यापकांनी मला तिथेच नोकरी देऊ केली. मोठी प्रयोगशाळा, पगार चांगला. मी दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसलो. राहावंसं फार वाटत होतं, हे कबूल करतो. पण जेवायला बसलो की डोळ्यांपुढे बिनफोडणीच्या आमटीसमोर बसलेले आबा यायचे आणि घास उतरत नसे. मी परतीचं तिकीट काढलं.

एस्टीतून उतरलो तर आबा दहीभाताचा डबा घेऊन स्टँडवर हजर. वाळले होते. मागे आई पदर सावरून उभी. घरी जाऊ देईनात, थेट शितळाईला नेलं. मी दहीभात ठेवला, नमस्कार केला. तिथली म्हातारी पुजारीण म्हणाली, "एवढी वाट कशापायी बघितली रं? आईनं ठेवला असता तरी देवी उठली असती. समदं गाव तसंच करतंय."

आबा गर्रकन वळले. आणि आईने, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा, त्यांच्याशी थेट बोलायला तोंड उघडलं.

"आवं आबा, देवी तवाच उठली हुती. मीच गुपचूप दहीभात ठेवला हुता. पर मग पोरगं कशापायी परत आलं असतं?"

आबा खाकरले. मग आईला न बोलता ते माझ्याकडेच वळले.

"बाळू, तिला सांग, आज आमटीला लसनाची फोडणी दे म्हनावं. लय मोठी."

त्या संध्याकाळी मी पदवीचा कागद उलगडून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. सगळं घर चुलीवरच्या पळीकडे बघत होतं. मोहरी तडतडली आणि आबांनी डोळे पुसले. माझा कागद बघायला कुणी वळलं नाही, म्हणून मीही तो गुंडाळून ठेवला आणि पाटावर बसलो.

अमेरिका सोडून परत का आलात, असं सत्कारात कुणी ना कुणी विचारतंच. मी मायभूमीची ओढ सांगतो. आबा होते तोवर पहिल्या रांगेत बसायचे आणि नेमके त्याच वाक्याला खोकायचे.