शेपटावरचा धूसर पट्टा

नाशिकजवळच्या आमच्या विमान कारखान्यात रंगकाम करणारे एक काका आहेत. रंग वाळला की ते त्यावरून उलटा हात फिरवतात आणि म्हणतात, "बघू, काय म्हणतंय." ते काय म्हणालं, हे मात्र कधीच सांगत नाहीत.

मध्यंतरी वळणदार भागांवर शाईचे बारीक थेंब उडवून पट्टे छापणारं यंत्र आलं. ते चालवायला मला नेमलं. चाचणीत पास झालं, तर काकांची फवारणी बंद होणार होती. नापास झालं, तर यंत्र परत जाणार होतं.

चाचणीत यंत्राने आधी विमानाच्या शेपटाचा आकार मोजला. तेव्हा माझी टोपी शेपटावरच राहिली होती. मोजणी संपल्यावर मी ती निवांत उचलली. छापताना यंत्राचा हात नेमका तिथे आला आणि नसलेल्या टोपीला धक्का लागू नये म्हणून अदबीने वर गेला. तेवढा पट्टा धूसर उमटला.

"ह्याला वळण जमत नाही. पाठवा परत," मोठे साहेब म्हणाले. मी गंभीर चेहरा करून शाईची बाटली तपासू लागलो.

काकांनी पट्ट्यावरून उलटा हात फिरवला. "मशीन बरोबर हाय, साहेब. मोजताना ह्यांची टोपी व्हती हितं. पुन्हा मोजू द्या."

दुसऱ्यांदा पट्टा स्वच्छ आला. यंत्र पास झालं आणि साहेब माझ्याकडे वळले.

नंतर मी काकांना विचारलं, "गप्प का नाही बसलात? तुमचंच काम गेलं ना!"

"मग काय, तुमच्यापायी त्या बिचाऱ्याला बोलणी खाऊ देऊ?" म्हणाले, आणि फवारणीची बंदूक धुवायला निघून गेले.