आईच्या निऱ्या

आईचं विसरणं वाढलं तेव्हा साडी नेसणं हा आमच्या घरातला रोजचा तमाशा होऊन बसला. ब्लाउज उलटा, परकर गळ्यात, आणि मी ओरडायला तयारच. मग अमरावतीच्या एका दवाखान्यातल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या बाई घरी येऊ लागल्या. माणसाला रोजची कामं स्वतःच्या हातानं जमावीत, हे त्यांचं काम. त्यांनी आईआधी मलाच शिकवलं. कपडे पलंगावर नेसायच्या क्रमानं मांडायचे, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आपण हात लावायचा नाही. गेलेलं परत येईलच असं नाही, पण उरलेलं वापरात राहिलं तर जास्त दिवस टिकेल, असं त्या म्हणाल्या.

हात न लावणं मला सगळ्यात जड गेलं. पाऊण तास लागायचा. पाचव्या महिन्यात आई एकटीनं साडी नेसली आणि आरशात बघून मला म्हणाली, "तुले नाई जमत अशा निऱ्या." खरंच नाही जमत.

मग मी थकले. अकोल्याच्या भावाला म्हटलं, महिनाभर ने. बाईंच्या सूचना कागदावर लिहून दिल्या, त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. "सगळं करतो वं," तो म्हणाला.

महिन्यानं आई त्याच्या गाडीतून उतरली ती गाऊन घालून. तिनं जन्मात गाऊन घातला नव्हता. वहिनी मोठ्या अभिमानानं म्हणाली, "ताई, आमी त्यायले पाण्याचा गिलासबी उचलू देला नाई."

"अन् तो कागद?" मी भावाला विचारलं.

"या वयात आईले कामाले लावू? लोक काय म्हणतीन? सेवा केली आमी तिची."

केली होती, त्याचाच संताप आला. नखं कापलेली, केसांना तेल. उपाशी ठेवलं असतं तर चार लोकांत भांडता तरी आलं असतं. मला शब्द देऊन त्यानं लाडानं आईचे हात काढून घेतले. दगाच तो. आणि तिला त्याच्या हवाली मीच केलं होतं, माझ्या झोपेसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी परकर, ब्लाउज, साडी क्रमानं मांडली. "आई, परकर घे," म्हटलं आणि हात मागे बांधून उभी राहिले. आईनं कपड्यांकडे पाहिलंच नाही. दोन्ही हात वर केले आणि तशीच थांबली. मीही थांबले.

"घाल न वं लवकर," ती म्हणाली. "हात दुखून राहिले."