बिनमिठाचा भात

धर्माबाबा कुत्र्याला वाढण्याआधी त्याचे दात बघायचे. कुत्रं ओळखीचं असो वा नसो, ते त्याच्यासमोर उकिडवे बसत, अंगठ्याने वरचा ओठ हळूच उचलत, आत डोकावत आणि मगच तीन टोपांपैकी कुठल्या टोपातलं वाढायचं ते ठरवत. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की नवा माणूस भेटला तरी त्यांची नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाई. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं, तेव्हा मी घाईघाईने तोंड मिटून घेतलं होतं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला नुकतेच राहायला आलो होतो. आमच्या इमारतीमागे रस्ता संपायचा आणि मिठागर सुरू व्हायचं. धर्माबाबा तिथले राखणदार. साठीच्या आसपासचे, काटक, पाय मिठाने भेगाळलेले. बांधावरच्या झोपडीत एकटेच राहायचे. त्यांच्याकडे नऊ-दहा कुत्री होती. ‘त्यांच्याकडे’ हा शब्द माझा. ते स्वतः म्हणायचे, ‘‘माझी न्हायत. इथं जेवतात.’’

आमची गाठ पडली ती आमच्या अडाणीपणामुळे. इमारतीखाली वाळूच्या ढिगाऱ्याशी एक पिल्लू सापडलं. डोळे जेमतेम उघडलेले, आई ट्रकखाली गेलेली. माझी बायको सुनंदा ते पदरात घालून वर घेऊन आली. आम्ही दोघांनी मोठ्या कौतुकाने त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं निजवलं आणि औषधाच्या ड्रॉपरने दूध पाजलं. दूध नाकातून बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले आणि तिसऱ्या सकाळी पिल्लाने मान टाकली. दारात आलेल्या दूधवाल्याने ते बघितलं आणि सांगितलं, मिठागरावर धर्माबाबांकडे न्या, नाहीतर हे काही संध्याकाळ बघत नाही.

धर्माबाबांनी पिल्लू आपल्या पंजावर पालथं घेतलं. मी काय केलं ते ऐकलं आणि म्हणाले, ‘‘कुत्र्याचं पिल्लू हाय, भाऊ, मानसाचं न्हाय. आईखाली ते पोटावर पितं. उतानं पाजलं तर दूध छातीत जातं.’’ त्यांनी त्याला आधी छातीशी धरून ऊब दिली. मग बकरीचं दूध पातळ करून, कोपरावर थेंब टाकून त्याची ऊब बघितली आणि कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजलं. पाजून झाल्यावर ओल्या फडक्याने पोटाखाली हलकेच पुसत राहिले. हे कशासाठी, मी विचारलं. ‘‘आई चाटते तेवा ती मुततात. आई न्हाय, मंग फडकं.’’ थोड्या वेळाने पिल्लाने खरोखरच त्यांचा पंजा भिजवला आणि तो माणूस असा काही हसला, की मी बघतच राहिलो. मी ग्रॅज्युएट होतो, सरकारी कचेरीत होतो. एवढं साधं ज्ञान जगात असतं याचा मला पत्ता नव्हता.

चार दिवसांनी ते पिल्लू पायावर उभं राहिलं. माझ्या हातात देताना धर्माबाबांनी ते पटकन सोडलं नाही. ‘‘बारा वर्सां सांभालाल काय? पिल्लू सगल्यांनाच पायजे असतं, म्हातारा कुत्रा कोनाला नको.’’ मी हो म्हणालो. कचेरीत मस्टरवर सही करावी तितक्या सहज म्हणालो.

पिल्लाचं नाव चिंगी ठेवलं. तिच्या निमित्ताने माझे रविवार मिठागरावर जाऊ लागले आणि त्या तीन टोपांचं शास्त्र मला कळत गेलं. पहिला टोप पिल्लांचा. त्यात पेज आणि काटे काढून कुस्करलेली मासळी, दिवसातून चार वेळा. दुसरा तरण्यांचा, भात, भाकरी, मासळीची डोकी उकडून. तिसरा म्हाताऱ्यांचा, गिचका शिजवलेला भात, थोडाथोडा. एखादी कुत्री गाभण असली की तिला दुसऱ्या टोपातलं वाढून वर पहिल्यातलंही मिळे आणि पिल्लं दूध ओढू लागली की तिच्यापुढचं भांडं रिकामं राहता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. वाढत्या पिल्लाला ते बांधावरून उडी मारू देत नसत. ‘‘हाडां कवली हायत अजून,’’ म्हणत आणि स्वतः उचलून खाली ठेवत.

पहिली पंगत नेहमी म्हाताऱ्यांची. तरणी कुत्री दहा हातांवर लाळ गाळत बसलेली असायची, पण एक पुढे येईल तर शपथ. काठी त्यांच्या हातात मी कधी पाहिली नाही. म्हाताऱ्यांना आधी का, असं मी विचारलं तर म्हणाले, त्यांना वेळ लागतो; तरण्यांना आधी दिलं तर ते आपलं संपवून यांचंही संपवतील. एवढंच. त्यात त्यांना काही थोर वाटत नव्हतं.

आणि कुठल्याच टोपात मीठ नसे. चहूकडे मिठाचे ढीग, भांड्याला मीठ, हवेला मीठ, आणि कुत्र्यांचा भात आळणी. मिठाने त्यांना खाज सुटते, केस जातात, असं त्यांनी आधी सांगितलं. मी आपली हुशारी दाखवायला म्हणालो, ‘‘बाबा, मग ती खाल्ल्या मिठाला जागणार कशी?’’

त्यांनी टोप ढवळता ढवळता माझ्याकडे बघितलं. ‘‘जागू नये म्हनूनच,’’ ते म्हणाले. ‘‘पोटाला दिलं की झालं. बांधायचं कशाला?’’

हे ऐकून त्या दिवशी मी भारावून घरी गेलो आणि चिंगीला आमच्या ताटातला वरणभात घातला, मिठासकट. पिल्लूपणाची पथ्यं संपल्यावर तिच्यासाठी वेगळं शिजवण्याचा आम्हाला कंटाळा यायचा. धर्माबाबांना हे मी कधी सांगितलं नाही.

वर्षं सरली. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर चिंगीचे मागचे पाय गेले. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि जिन्यावर तिला लघवी आवरेना. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा, अगदी एकदाच, ‘‘भाऊ, सीढी का कुछ करो ना,’’ असं म्हटलं. त्यांना फिनेलची बाटली हवी होती. मला निमित्त हवं होतं. एका रविवारी मी चिंगीला उचलून मिठागरावर नेलं आणि धर्माबाबांना म्हणालो, इथे मोकळं आहे, तिला बरं वाटेल. सुनंदा आली नाही. ती सकाळपासून माझ्याशी बोललीही नव्हती.

धर्माबाबांनी चिंगीचा ओठ उचलून दात बघितले. मग मला विचारलं, ‘‘बारा झाली काय?’’

‘‘अकरा,’’ मी म्हणालो.

ते उठले. तिच्यासाठी झोपडीत गोणपाट अंथरायला गेले.

पाचव्या दिवशी ते आमच्या दारात उभे. अकरा वर्षांत आमचे तीन मजले ते कधी चढले नव्हते. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, ‘‘ती जेवत न्हाय.’’ तिन्ही टोपांतलं देऊन झालं होतं, हाताने भरवून झालं होतं. ती बांधावर सरपटत जाते आणि आमच्या इमारतीकडे तोंड करून बसते. आजारी आहे का, मी विचारलं.

‘‘न्हाय. तुमचं मीठ खाल्लंय तिनं. ती जागतेय.’’ मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं; तिच्या गेलेल्या केसांवरून त्यांनी ओळखलं असावं. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ‘‘माझ्याकं जेवनारी उठून कुटं बी जातील. मी मीठच घातलं न्हाय. तुमी घातलंत, भाऊ.’’

मी चपला न घालताच त्यांच्यामागून गेलो. चिंगीला मी दिसलो नसेन. वास आला असेल. तिची शेपटी बांधावरच्या मातीत दोनदा आपटली. मी खाली बसलो आणि रडलो. धर्माबाबांनी मला रडू दिलं, मग झोपडीत नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे ठेवली. सुकटीत मीठ सणसणीत होतं. ‘‘मानसाला लागतं,’’ ते म्हणाले. मी खात असताना ते म्हातारीचं सगळं सांगत होते. भांडं दोन विटांवर ठेवा, मान वाकवायला तिला दुखतं. चार वेळा थोडं थोडं द्या. घरातलं सामान हलवू नका. तिला दिसत नाही, पण जागा पाठ आहेत. जिन्यावरून उचलून न्या, एक हात पोटाखाली.

मी तिला एक हात पोटाखाली घालून घरी आणलं. चिंगीला मान वाकवायला दुखतं हे ओळखून सुनंदाने दोन विटा आधीच आणून ठेवल्या होत्या. चिंगी आणखी नऊ महिने जगली आणि सुनंदाच्या पावलावर डोकं ठेवून गेली. धर्माबाबा आले, सवयीने त्यांनी तिचा ओठ उचलला, आणि म्हणाले, ‘‘बारा पुरी केली तिनं.’’ तिने केली, मी नाही, हे मला बरोबर ऐकू आलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर धर्माबाबा गेले. चेणे गावाहून त्यांचे पुतणे आले आणि त्यांना घेऊन गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. दुपारी सुनंदाने आणि मी तीन टोप भरून शिजवलं, कशातही मीठ घातलं नाही, आणि ऊन कलताना मिठागरावर गेलो. कुत्री झोपडीपुढे मुकी बसली असतील, तोंड लावणार नाहीत, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

तसं काही नव्हतं. ती शेपट्या हलवत पुढे आली. मी उकिडवा बसलो, एकेकाचा ओठ अंगठ्याने उचलला, दात बघितले. म्हाताऱ्यांना आधी वाढलं. तरणी दहा हातांवर थांबली, माझ्यासमोरसुद्धा. सगळी पोटभर जेवली, भांडी चाटून लख्ख केली, आणि आपापल्या वाटेने बांधावरून निघून गेली. बंद झोपडीकडे एकानेही वळून पाहिलं नाही. क्षणभर मला त्यांचा राग आला. मग कळलं, की धर्माबाबांनी जन्मभर जे केलं ते आज पुरतं साधलं होतं. कुणीही बांधलेलं नव्हतं.

सुनंदा रिकामे टोप घेऊन निघाली. मला मात्र तिथून हलता येईना. त्या झोपडीवर जेवलेल्या सगळ्यांत मीठ खाल्लेला मी एकटाच.