कोपरीतला मोगरा आणि माझ्या तीन रेघा

सेक्रेटरी गुप्ते यांनी टेनिसचा चेंडू कंपाउंडच्या काँक्रीटवर ठेवला आणि सोडला. चेंडू गडगडत बिल्डिंगच्या भिंतीकडे गेला आणि सोनावणेबाईंच्या मोगऱ्याच्या वाफ्याला टेकून थांबला.

“बघा,” गुप्ते म्हणाले. “बाई रोज दोन बादल्या पाणी घालतात. जमीन बसणार नाही तर काय होणार? तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये तसं लिहून द्या. रविवारी मीटिंग आहे, वाफा काढायचा ठराव करून टाकतो.”

मी सिव्हिल काँट्रॅक्टर, ऑफिस ठाण्यात, नौपाड्यात. तीस वर्षं लोकांच्या गच्च्या, टाक्या आणि कंपाउंड दुरुस्त करतोय. ही कोपरीतली चार मजली सोसायटी. बिल्डिंगभोवती असतं त्या काँक्रीटला आम्ही पीसीसी म्हणतो, म्हणजे आत सळया नसलेलं साधं काँक्रीट. त्याचा सगळा भार खालच्या मातीवर. माती वाहून गेली की ते खचतं, आणि पावसाचं पाणी गटारात जायचं सोडून घराकडे वळतं. इथे ते तळमजल्यावर, सोनावणेबाईंच्याच बेडरूममध्ये शिरत होतं. त्रास त्यांना आणि आरोपही त्यांच्यावर!

बाई रिटायर्ड नर्स. वाफा त्यांच्या मिस्टरांनी स्वतः खणलेला. ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

“काढायचा तर काढा,” त्या म्हणाल्या, पण आवाज बारीक झालेला. “आधी कारण शोधा मात्र. आम्ही वॉर्डात ताप आला म्हणून नुसती गोळी नाही द्यायचो, का आला ते बघायचो.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “तुम्ही आधी आलेलात ना इथे?”

“नाही हो ताई. या सगळ्या बिल्डिंगी सारख्याच दिसतात.”

त्या आत गेल्या.

मी हातोडी घेतली आणि काँक्रीट ठोकत फिरलो. खाली माती असेल तर टणक आवाज येतो, पोकळी असेल तर ढब ढब. वाफ्याजवळ टणक. सहा फूट पुढे, ड्रेनेजच्या लाइनवर, चांगलं ढब ढब.

“पाणी पसरतं हो आतून,” गुप्ते म्हणाले.

“फोडल्याशिवाय कळणार नाही,” मी म्हणालो.

शनिवारी ब्रेकर लावला. वर दोन इंचांचा एक थर निघाला आणि त्याखाली जुनं काँक्रीट. आपल्याकडे हे नेहमीचंच. कंपाउंड बसलं की वर आणखी एक थर ओतायचा. दिसायला झकास, आणि खचणाऱ्या जमिनीवर वजन आणखी. मी त्या अज्ञात काँट्रॅक्टरला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. तेवढ्यात माझ्या मुकादमाने, शंकरने, खालच्या थराचा कोपऱ्यातला तुकडा उपसून काढला. त्यावर थापीने मारलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या.

धंद्यात नवा होतो तेव्हा प्रत्येक काम संपलं की मी कोपऱ्यात तशा तीन रेघा मारायचो. केवढी ती मिजास! मग हळूहळू सगळं आठवलं. बिल्डिंग तेव्हा पिवळी होती. सोसायटीच्या पूजेत पाहुण्यांच्या खुर्च्या चेंबरच्या झाकणावर डुगडुगायच्या. चेंबर म्हणजे सांडपाण्याची लाइन उघडून साफ करता यावी म्हणून बांधलेली विटांची छोटी टाकी. तेव्हाचे चेअरमन म्हणाले, सगळं एका लेव्हलला करून टाका. मी झाकणावरून काँक्रीट ओतून मोकळा झालो.

तोच चेंबर आता खाली निघाला. गच्च तुंबलेला, एक भिंत फुटलेली. सांडपाण्याने आजूबाजूची माती इतकी धुऊन नेलेली की शंकर त्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरला. मोगऱ्याचं एकही मूळ तिथवर पोचलं नव्हतं.

शंकर तेव्हापासून माझ्याबरोबर. तो हळूच म्हणाला, “शेठ, तुकडा डेब्रिसमध्ये टाकू?”

खोटं कशाला बोलू, क्षणभर टाक म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात गुप्ते आले आणि खड्ड्यात वाकून बघायला लागले.

“म्हणजे चेंबर होता खरंच! पण फुटला कशाने? बाईंच्या पाण्यानेच ना?”

सोनावणेबाई खिडकीत उभ्या होत्या. मी तुकडा उचलून गुप्त्यांच्या हातात दिला.

“माझ्यामुळे फुटला,” मी म्हणालो. “हा थर माझा, या रेघा माझ्या. मी चेंबर झाकला, मग तो साफ कोण करणार? तुंबला आणि फुटला. मोगऱ्याचा काही संबंध नाही. सही करून लिहून देतो.”

गुप्त्यांनी तुकडा उलटसुलट करून बघितला. “मग आता काम तुम्हाला द्यायचं की दुसऱ्या कोणाला?”

“त्यांनाच द्या,” खिडकीतून आवाज आला. “आता नाही विसरायचे ते.”

चेंबर नव्याने बांधला, झाकण जमिनीच्या लेव्हलला आणि केव्हाही उघडता येईल असं. खड्ड्यात दगड आणि मुरूम थराथराने भरला, प्रत्येक थर पाणी मारून मशीनने दाबला. मग काँक्रीट, उतार बाहेरच्या बाजूला. शेवटी गुप्त्यांनी चेंडू सोडला. तो थेट गटारात गेला आणि त्यांना बाहेर काढावा लागला.

निघताना बाईंनी चहाला बोलावलं.

“ताई, तुम्ही मला पहिल्याच दिवशी ओळखलंत?”

“ओळखणार नाही? तेव्हाच सांगितलेलं तुम्हाला, इथे चेंबर आहे, झाकू नका. तुम्ही म्हणालात, ताई, तुम्ही काळजी करू नका.”

“मग कमिटीला का नाही सांगितलंत?”

“सांगितलेलं की. म्हणाले, मोगरा वाचवायला काहीही सांगता.”

“आणि मला?”

“तुम्हाला विचारलं ना, आधी आलेलात का? तुम्हाला सगळ्या बिल्डिंगी सारख्या. म्हटलं, फोडू दे, मग बघू काय बोलतात.”

मी चहा संपवला. हल्ली नवीन काम आलं की पिशवीतून हातोडी काढायच्या आधी मी तळमजल्याची बेल वाजवतो.