त्रिफूनच्या शेजारची जागा

परसीदाला राग आला, हे आमच्या गल्लीत कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तिचा फोटो स्टुडिओ आणि माझं केस कापायचं दुकान यांची भिंत एकच. पलीकडे दार आपटलं की इकडे माझ्या शांपूच्या बाटल्या नाचतात. नवं गिऱ्हाईक दचकून विचारतं, "स्मिल्याताई, काय पडलं हो?" मी म्हणते, "काही नाही, पलीकडे पासपोर्टचा फोटो काढताहेत."

गाव म्हणतं, बाई कजाग म्हणून नवरा पळाला. आधी नवरा पळाला, मग बाई कजाग झाली, एवढं साधं गावाच्या टाळक्यात शिरत नाही. वडिलांचा स्टुडिओ हातात घेतला तेव्हा ती फोटो काढताना इतकी हसायची, की समोरचा आपोआप हसायचा. त्रिफून तिचा नवरा. "दोन वर्षांत परत येतो" म्हणून व्हिएन्नाला बांधकामावर गेला. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन, मग नुसता ऑगस्ट. दर ऑगस्टला चकचकीत गाडीतून उतरायचा, डुक्कर भाजायचा, गावाला कडक राकिया पाजायचा आणि परसीदाशी धड चार शब्द न बोलता परत जायचा. तिकडे त्याने दुसऱ्या बाईबरोबर अठरा वर्षं संसार केला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शेवटी फुप्फुसं गेली आणि तो पेटीतून घरी आला. गावाने गळे काढले. परसीदाने मुकाट्याने शंभर माणसांचा स्वयंपाक केला. ती व्हिएन्नाची बाई दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी होती. मी तिचा चेहरा तेव्हाच नीट पाहून ठेवला.

आमच्याकडे माणूस जिवंतपणीच आपलं थडगं बांधून ठेवतो. काळा ग्रॅनाइट, त्यावर माणसाएवढं स्वतःचं चित्र, खाली जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे कोरा दगड. परदेशात कमावणारे उन्हाळ्यात येतात ते याच कामाला. आधी माझ्याकडे केस, मग परसीदाकडे फोटो, मग वोईनकडे दगड, अशी ही वरात. वोईन म्हणजे परसीदाचा धाकटा दीर. त्याच्या कारखान्यात मशीन फोटोवरून दगड कोरतं.

भावाला त्याने दुप्पट रुंद दगड लावला. डावीकडे त्रिफून, अंगात सूट, हातात गाडीची किल्ली. उजवीकडे बायकोची जागा. जिवंत बायका नवऱ्याशेजारी कोरून घेतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. परसीदाला वाटलं. "जितेपणी जो शेजारी बसला नाही, त्याच्याशेजारी मी दगडात उभी राहू? मरेपर्यंत नाही. आणि मेल्यावर तर मुळीच नाही." चार वर्षं ती जागा तशीच कोरी आहे. त्यामुळे आपलं नाक कापलं गेलं, असं वोईन म्हणतो. भाऊ अठरा वर्षं बाहेर होता तेव्हा हे नाक शाबूत होतं.

या उन्हाळ्यात वोईन स्टुडिओत आला. मी कॉफी घेऊन तिथेच बसले होते.

"वहिनी, तुझे फोटो दगडावर मोठे केले की फुटतात," तो म्हणाला. "माणसाएवढं चित्र म्हणजे पापणी न पापणी लागते. तुझ्या कॅमेऱ्यातले हात हातमोजे वाटतात. परवा लुबिशाने विचारलं, माझी अंगठी कुठे गेली?"

"अंगठी खोटी आहे त्याची. ती कुठल्याच कॅमेऱ्यात दिसायची नाही."

"चेष्टा नको. शहरातल्या फोटोवाल्याने डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेरा घेतलाय, फोटो कितीही मोठा केला तरी फुटत नाही. लोक त्याचं नाव सांगायला लागलेत. तू घेतलास तर गिऱ्हाईक तुझं. नाही तर मी सगळे तिकडे पाठवणार. अर्धे पैसे मी घालतो."

कॉफीत साखर विचारायला ज्याचा जीव जातो, तो वोईन अर्धे पैसे घालणार! परसीदाने हातातलं भिंग खाली ठेवलं.

"आणि?"

"आणि काय? काही नाही."

"अरे वोईन, तुझं नाक मी पुसलंय. आणि?"

"आणि पहिला फोटो तुझा," तो दाराकडे सरकत म्हणाला. "उजव्या बाजूला. भावाच्या शेजारी."

दार असं आपटलं, की माझ्या दोन बाटल्या खरंच फुटल्या. पण ती नाही म्हणाली नव्हती. ते मला खटकलं. विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "नाही म्हणून खाऊ काय? पासपोर्टचे फोटो? ते आता पोस्टातलं यंत्रही काढतं."

बेलग्रेडच्या एका दुकानदाराने तो कॅमेरा दोन दिवस वापरून बघायला आणून ठेवला. नुसता कॅमेरा नव्हे, सगळं कुटुंबच: दोन लेन्स, मोठा कॉम्प्युटर, दिवे. किंमत एका बऱ्या गाडीची. "आमचा कॅमेरा घेतला की लेन्सही आमच्याच घ्यायच्या," दुकानदार गोड हसून म्हणाला. "दुसऱ्यांच्या चालत नाहीत. एकदा जोडलं की कायमचं."

"लग्न एकदा केलंय मी," परसीदा म्हणाली. "चालू कसा करायचा ते दाखव आणि नीघ."

तिने पहिला फोटो माझ्या हाताचा काढला, हातात कात्री असलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो मोठा केला, आणखी मोठा केला. माझ्या नखाच्या कडेचा केसांच्या रंगाचा डाग, कात्रीवरचा गंज, मनगटावरची लव, सगळं वर आलं. मी म्हटलं, "हा कॅमेरा आहे की पोलीस? पुसून टाक बाई." ती बोटाच्या टोकाने पडद्यावरचा फोटो सरकवत राहिली. मग हळूच म्हणाली, "स्मिल्या, बाबांच्या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात असं दिसायचं. त्यानंतर आजच." तो कॅमेरा तिला हवा होता. इतका हवा होता, की तिचा आवाज खाली आला. आणि मला वोईनचा असा संताप आला, की कात्री हातातच होती ते बरं नव्हतं. माणसाला काय हवं ते बरोबर हेरायचं आणि त्यालाच फास बांधायचा!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानदार कॅमेरा न्यायला येणार होता आणि वोईन उत्तर न्यायला. दुपारी माझ्याकडे एक बाई आली. रात्रभर बसमध्ये होते, केस धुऊन नीट करून द्या, म्हणाली. मी ओळखलं. कुंपणाबाहेरची तीच. नाव नेवेन्का. मी पाणी सोडलं आणि साबण लावला. एवढ्यात परसीदा कॅमेरा घेऊन आत आली.

"स्मिल्या, ओल्या केसांवर उजेड कसा—" ती थांबली. तिनेही ओळखलं. नळ तसाच वाहत राहिला.

"व्हिएन्ना?"

"हो." नेवेन्का उठायला लागली.

"बस खाली! साबण डोळ्यांत जाईल," परसीदा ओरडली. मग मला म्हणाली, "झालं की हिला पलीकडे पाठव."

मी एकटीला कशी पाठवणार? मीही गेले. परसीदाने तिला करड्या पडद्यापुढे उभं केलं होतं.

"कुठे बघू?" नेवेन्काने विचारलं.

"माझ्याकडे. आजवर बघितलं नाहीस, आता बघ. हनुवटी खाली. खाली म्हणजे दुनाव नदीत नाही!"

"हसू का?"

"का? आपल्या दोघींत हसण्यासारखं काय आहे?"

फोटो पडद्यावर आला. परसीदाने तोंड सोडून हात मोठे केले. दुसऱ्यांच्या फरशा पुसून पुसून सोललेले हात होते ते. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांभोवतीची कातडी फिनेलच्या पाण्याने जळलेली. परसीदाने पडद्याकडे बघतच विचारलं,

"त्याला तूच धुवायचीस?"

"दुसरं कोण? नर्सचा हात लागू द्यायचा नाही."

"शेवटी काय म्हणाला?"

"शेवटी शिव्या द्यायचा."

"तुलाही?"

"मलाही."

तेवढ्यात वोईन आला, बगलेत राकियाची बाटली, पेढे वाटायला आल्यासारखा. परसीदाने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

"घे. उजव्या बाजूला बाई हवी होती ना तुला? पापणी न पापणी आहे."

त्याने पडद्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या नेवेन्काकडे. "डोकं फिरलंय का वहिनी? माझ्या भावाच्या थडग्यावर ही? लग्नाची बायको लागते तिथे!"

"तो ओकायचा तेव्हा भांडं धरायला लग्नाची बायको नाही लागली? तेव्हा ही चालली. आणि दगडावर मी?"

"मला कुणी विचारणार आहे का?" नेवेन्का एकदम कडाडली. तिच्याकडून हा आवाज मला अपेक्षित नव्हता. "मला नको ती जागा! मी काय दरवर्षी त्याला फुलं वाहायला येते? भांडायला येते मी. लग्न करतो, करतो म्हणत आयुष्य खाल्लं माझं. आणि इथे येऊन बघते तर हा किल्ली घेऊन मिरवतोय! ती गाडी माझी होती. दर ऑगस्टला मागून न्यायचा."

परसीदाने वोईनकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

वोईनने बाटली दुसऱ्या बगलेत घेतली. ठाऊक होतं.

"एक दिनार मिळणार नाही तुला," तो म्हणाला. "आणि उद्यापासून एक गिऱ्हाईक नाही."

"नसू दे. चालता हो."

या वेळी दार त्याने आपटलं. परसीदाने कॅमेरा उचलला, लेन्स काढली, पुसली, झाकण लावलं, एकेक वस्तू पेटीत तिच्या तिच्या खाचेत ठेवली. इतक्या हळू हाताने तिने काही केलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. नेवेन्काचा फोटो छापून तिच्या हातात कोंबला. दुकानदार आला, पेटी घेऊन गेला.

"तेलही गेलं, तूपही गेलं," मी म्हटलं.

"धुपाटणं आहे ना," ती जुन्या कॅमेऱ्याकडे हात करून म्हणाली. मग नेवेन्काकडे वळली. "चल."

"कुठे?"

"त्याच्याकडे. त्याला पुरल्यापासून गेले नाही मी. गेले असते तर लोक म्हणाले असते, आली बायको नवऱ्यापाशी. आज तू आहेस. आधी तू बोल, मग माझा नंबर."

उन्हं उतरता उतरता आम्ही तिघी दफनभूमीत पोचलो. नेवेन्काने त्याच्या आवडीची सिगारेट पेटवून दगडावर ठेवली आणि अर्ध्या जर्मनमध्ये, अर्ध्या आमच्या भाषेत त्याचा जो उद्धार केला, तो छापण्यासारखा नाही. मग ती बाजूला झाली. परसीदा पुढे गेली. त्या सुटातल्या माणसाकडे बघत उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. गल्ली हादरवणारी बाई ही! नेवेन्काने तिला कोपराने ढोसलं. "बोल ना. आता कुठे पळून जात नाही तो."

परसीदाने दोन्ही मुठींनी दगडावर मारलं.

"मेल्या!" ती ओरडली. "मेल्या, तुझ्यापायी असला कॅमेरा गेला माझा!"